नवसाबाईंची दुसरी दाढ

मी फटकळ आहे. हे स्वतःच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणाला ते कष्ट नकोत. मखमलाबाद नाक्याजवळच्या एका दाताच्या दवाखान्यात मी चोवीस वर्षं काम करते. डॉक्टरांच्या हातात हत्यारं देणं, पेशंटच्या तोंडातली लाळ नळीने ओढून घेणं, फायली लावणं, आणि दाढ काढून गाल धरून बाहेर आलेल्या माणसाला घरी गेल्यावर काय करायचं नि काय नाही ते समजावणं, ही माझी कामं. हे शेवटचं काम मी जरा वरच्या पट्टीत करते. आमच्या शुभांगी मॅडम स्वभावाने शांत. ‘मीना रागावते, म्हणून मला गोड राहता येतं,’ असं त्या पेशंटना हसत सांगतात. मला त्याचा अभिमान वाटायचा.

नवसाबाईंना जाऊन सहा महिने झाले. त्या कशाने गेल्या ते त्यांच्या वस्तीवर सगळ्यांना ठाऊक आहे, निदान तसं त्यांना वाटतं. दसऱ्याच्या दिवशी झटका आला आणि गेली बिचारी, असं म्हणतात. मला त्याहून थोडं जास्त ठाऊक आहे. ते आत ठेवून ठेवून माझी झोप गेली आहे, म्हणून लिहायला बसले.

मातोरीच्या वाटेवर डाव्या हाताला जी फुलांची शेतं लागतात, त्यांतली वीस गुंठे नवसाबाई आणि त्यांचे यजमान गोटीराम यांची. झेंडू, शेवंती, अष्टर. आईबापांची आधीची दोन लेकरं दगावली, मग आईने वणीच्या देवीला नवस केला आणि ही झाली, म्हणून नाव नवसाबाई. त्या हे नाव फार मनावर घेऊन जगल्या. ‘मी मागून आणलेली हाय ताई,’ म्हणायच्या, ‘आपोआप नाय आले.’ वस्तीवर देवीचं लहानसं देऊळ आहे. तिथे रोज सकाळी पांढऱ्या शेवंतीचा, शेवंती नसेल तेव्हा मिळेल त्या फुलाचा हार नवसाबाईंच्या हातचा जायचा. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यात खंड नव्हता. बाकीचे हार, तोरणं, गजरे पाटीत घालून त्या पंचवटीत रस्त्याच्या कडेला येऊन बसायच्या.

नऊ-दहा वर्षांच्या असताना त्यांचे गुडघे सुजले होते, ताप येत होता. घरच्यांनी लेप लावले. ताप गेला, गुडघे उतरले, पण तो आजार जाता जाता काळजाची झडप खराब करून गेला. हे कळलं अडतिसाव्या वर्षी, फुलांची पाटी घेऊन बांध चढताना त्या खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत तेव्हा. मग सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं, छातीत धातूची झडप बसवली. धातूवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभराची मागे लागली. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की गोटीराम ती गोळी बायकोच्या हातावर ठेवायचे आणि पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभे राहायचे. त्यांना वाचता येत नाही, पण ही एक गोळी ते अंधारातही ओळखायचे. चौदा वर्षं हा नेम चालला.

आमच्याकडे त्या पहिल्यांदा आल्या त्याला आता तीन वर्षं होतील. खालची डावी दाढ किडून पोखरली होती. दात घासायला मिसरी, आणि दोरा तोडायला दात. मी विचारलं, ‘कात्री नाही का घरात?’ तर म्हणाल्या, ‘कात्री उचला, ठेवा, त्यात दोन गजरे व्हत्यात.’ फक्त देवीच्या हाराचा दोरा त्या दाताने तोडत नसत. त्याला वेगळं ब्लेड. देवीचं फूल उष्टं होता कामा नये, त्याला तोंडाचा वारासुद्धा लागू नये, म्हणून तो हार करताना त्या बोलायच्याही नाहीत, असं गोटीरामांनी सांगितलं. गोटीराम शेजारी उभे राहून हे सांगत होते आणि त्या लाजत होत्या. पन्नाशीची बाई नव्या नवरीसारखी लाजताना पाहून मला हसू आलं होतं.

गोळीचं कळल्यावर मॅडमनी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, मग रक्ताची तपासणी करून आणायला सांगितली. रक्त किती पातळ आहे ते या तपासणीत एका आकड्यात कळतं. नवसाबाईंसारख्या झडपवाल्यांचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. वर गेला तर रक्त लवकर थांबत नाही, खाली घसरला तर झडपेवर गाठ धरण्याची भीती. दाढ काढायच्या आदल्या दिवशीचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय मॅडम पक्कड उचलत नाहीत. हा त्यांचा नियम, आणि तो पाळून घेणं माझं काम.

नवसाबाई म्हणाल्या, ‘मॅडम, चार दिवस गोळीच बंद ठेवते की. मग रक्त यायचंच नाय.’

मॅडम खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. ‘हे बघा, तोंडातलं रक्त मी बोटाने दाबून थांबवू शकते. टाके घालीन, औषध लावीन. पण गोळी बंद करून झडपेवर गाठ झाली, तर तिथे कोणाचंच बोट पोचत नाही. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. समजलं?’

नवसाबाईंनी मान हलवली. मीही माझ्या पट्टीत तेच दोनदा सांगितलं.

आकडा दोन पॉइंट आठ आला. सकाळची वेळ ठरवली, म्हणजे पुढे काही झालं तर दिवस हातात राहतो. तासभर आधी अँटिबायोटिक दिलं. दाढ निघाली, खड्ड्यात रक्त धरणारा स्पंज बसला, दोन टाके पडले, वर औषधात भिजवलेला गॉज, म्हणजे जाळीच्या कापडाची घडी. अर्धा तास घट्ट चावून धरायला लावला आणि रक्त थांबलेलं बघूनच सोडलं. मी नेहमीचं सांगितलं. उद्या संध्याकाळपर्यंत चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, गरम खायचं-प्यायचं नाही, मिसरी आठवडाभर बंद, दुखलं तर आम्ही दिलेलीच गोळी घ्यायची. चूळ आणि थुंकणं यावर मी जास्त जोर दिला, कारण खड्ड्यात धरलेली रक्ताची खपली त्यानेच निघते. त्या ‘व्हय ताई, व्हय ताई’ करत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीचा हार करायचा होता. तोंडाला रात्रीचं रक्त लागलेलं, अशा तोंडाने देवीच्या फुलांजवळ बसायचं कसं? म्हणून त्यांनी कोमट मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा भरल्या. तेवढ्याने मन भरेना म्हणून मिसरी लावून तोंड स्वच्छ केलं. स्वच्छ तोंडाने त्या हाराला बसल्या आणि खाली वाकून गाठ मारताना पांढऱ्या शेवंतीवर रक्ताचा थेंब पडला. हार तर गेलाच. पाटीतली सगळी फुलं त्यांनी बांधावर उलटी केली. त्या दिवशी देवीला हार गेला नाही.

त्या दवाखान्यात आल्या त्या तोंडाला पदर लावून. पदर लाल झालेला. बाहेर सात-आठ पेशंट बसलेले. दारातून आत येईपर्यंत फरशीवर दोन-तीन थेंब पडले.

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. ‘काल दहा वेळा सांगितलं ना तुम्हाला? कान आहेत की नाही? सगळा दवाखाना घाण केलात.’

त्या खाली बसल्या आणि पदराच्या कोरड्या टोकाने फरशी पुसू लागल्या. तोंडातून रक्त येतंय आणि ही बाई माझी फरशी पुसतेय. बाकड्यावरच्या एका माणसाने उठून त्यांना धरलं. मी धरलं नाही, मी गॉज आणायला आत गेले, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

मॅडमनी औषधाचा गॉज ठेवून बोटाने दाबून धरला. वीस मिनिटांत रक्त थांबलं. खरोखर एवढंच होतं ते. पुन्हा तासभर बसवून ठेवलं, रक्ताची तपासणी करून घेतली, आकडा जागेवर होता. आठवड्याने टाके काढायला आल्या तेव्हा माझ्यासाठी गजरा होता. म्हणाल्या, ‘ताई, तुमी रागावल्या ते बरोबरच व्हतं. माझीच चूक.’ मी गजरा घेतला, केसांत माळला. ‘असू दे,’ म्हणाले. माफी वगैरे मागणं मला जमत नाही.

त्यानंतर आमची ओळख वाढली. पंचवटीत काही कामानिमित्त गेले की मी त्यांच्यापाशी थांबायची. आमचं बोलणं म्हणजे त्यांच्या लेकीचं, योगिनीचं, ती विंचूरला दिली आहे तिचं, माझ्या कंबरेचं, आणि शेवंतीच्या बाजारभावाचं. त्या मला कधी गजऱ्याचे पैसे देऊ द्यायच्या नाहीत. मी मग घरचं लोणचं न्यायची. मला मैत्रिणी फार नाहीत. तोंड असं असल्यावर कुठून असणार? नवसाबाई होत्या.

गेल्या भाद्रपदात त्यांची उजवी दाढ दुखू लागली. गालाला सूज आली होती. मॅडमनी औषधं देऊन आधी सूज उतरवली. नवरात्र तोंडावर आलं होतं. नऊ दिवस देवीला हार, घटावर रोजची माळ, शिवाय दोन मंडळांची तोरणं, आणि शेवटी दसरा. झेंडूवाल्यांचं वर्ष त्या एका दिवसावर असतं. त्यांना दाढ त्याआधी काढून हवी होती.

ठरल्याप्रमाणे त्यांनी शुक्रवारी रक्त तपासलं. दोन पॉइंट सहा. शनिवारी सकाळी दाढ काढायची होती, पण नेमका त्याच सकाळी आमचा कॉम्प्रेसर बंद पडला. खुर्ची चालेना, काही चालेना. मेकॅनिक मंगळवारी उगवला. मी नवसाबाईंना बुधवारी बोलावलं. बुधवारी सर्वपित्री अमावास्या होती. अमावास्येला दाढ काढायला आमच्याकडे कोणी येत नाही, दवाखाना रिकामा असतो. नवसाबाई मात्र यायला तयार झाल्या, कारण गुरुवारी घट बसायचे होते.

त्या आल्या तेव्हा मी नियमाप्रमाणे विचारलं, ‘कालचा रिपोर्ट आणलात?’

‘शुक्रवारचाच हाय ना ताई. परत कशाला सुई?’

‘तो जुना झाला. पाच दिवस झाले त्याला. जवळच लॅब आहे, जाऊन या. दुपारपर्यंत मिळेल.’

त्यांनी माझा हात धरला. ‘ताई, घरी माळा करायच्या राहिल्यात. उद्या घट. दुपार झाली तं समदं राहून जाईल. माझा आकडा कधी हलतो का? तुमीच सांगा.’

खरं होतं ते. त्यांचा आकडा हलत नसे. मी फायलीतले मागचे रिपोर्ट पाहिले, सगळे नीट. आणि मला ती फरशी आठवली. वाटलं, एकदा तरी या बाईशी गोड वागावं. मी म्हणाले, ‘बरं. चला.’ चोवीस वर्षांत नियमाला मी पहिल्यांदा बगल दिली, ती प्रेमापोटी.

‘गोळी चालू आहे ना?’ एवढं मात्र विचारलं.

‘व्हय तर,’ त्या म्हणाल्या.

आत मॅडमच्या हातांत हातमोजे चढले होते. ‘मीना, आकडा?’

‘दोन पॉइंट सहा.’

‘कालचा ना?’

‘हो,’ मी म्हणाले.

दाढ सोपी निघाली. मॅडमनी स्पंज बसवला, टाके घातले, गॉज ठेवला. अर्ध्या तासाने गॉज काढला तर तो जवळजवळ पांढरा. मॅडम म्हणाल्या, ‘वा, छान थांबलं.’ त्या हात धुवायला गेल्या. मी नवसाबाईंच्या पाठीवर थाप मारली. ‘शाबास. या वेळी एक थेंब नाही. बघा, ऐकलं की कसं होतं.’

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तोंडात नवा गॉज होता, बोलता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात जोडले. कोणाला ते मला कळलं नाही, मला की देवीला.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. ‘कोरडं हाय ताई,’ म्हणाल्या. ‘पहिली माळ चढली.’ चौथ्या दिवशी केला, तेव्हाही कोरडं. टाके काढायचे होते, पण मी म्हटलं, दसरा होऊ द्या, मग या. मी खूश होते. मला वाटत होतं, आपण एक माणूस शिकवून शहाणं केलं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी तोरणाला झेंडू घ्यायला मी पंचवटीत गेले. रस्ताभर पिवळे-केशरी ढीग, माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. नवसाबाई त्यांच्या जागेवर होत्या. गोटीराम टेम्पोतून पोती उतरवत होते. मला पाहून त्या हसल्या आणि मला ते हसू वाकडं वाटलं. अर्धंच तोंड हसलं. हातातली हाराची सुई खाली पडली. त्यांनी ती उचलायला हात पुढे केला, पण उजवा हात आलाच नाही. त्या माझ्याकडे बघून काहीतरी बोलल्या, त्यात शब्द नव्हता.

मी आणि गोटीरामांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं. गर्दीतून रिक्षा काढायला किती वेळ लागला देव जाणे. मी ओरडत होते, माझा आवाज त्या दिवशी तरी कामाचा होता. हॉस्पिटलमध्ये पोचल्या पोचल्या तिथल्या तरुण डॉक्टरांनी छातीवरचा ऑपरेशनचा व्रण पाहून विचारलं, ‘झडप आहे ना छातीत? रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे?’

‘चालू आहे,’ मी म्हणाले. ‘एक दिवस चुकत नाही.’

‘मी सोता देतो, सायेब,’ गोटीराम म्हणाले. ‘रोज. माझ्या हातानं.’

थोड्या वेळाने ते डॉक्टर कागद घेऊन बाहेर आले. ‘आकडा एक पॉइंट एक आहे. म्हणजे ज्या माणसाने गोळी कधी घेतलीच नाही त्याचा असतो तसा. यांची गोळी कमीत कमी आठ-दहा दिवस बंद आहे. झडपेवर गाठ धरली, तिचा तुकडा मेंदूत गेला.’

गोटीराम ‘नाय सायेब, नाय सायेब’ एवढंच म्हणत राहिले. मला बुधवारचा पांढरा गॉज दिसत होता. चोवीस वर्षं मी गॉज बघते आहे. गोळी चालू असलेल्या माणसाचा गॉज इतका पांढरा निघत नाही, हे मला माहीत होतं. मी बघितलं आणि शाबास म्हणाले.

नवसाबाई चार दिवस होत्या. बोलल्या नाहीत. योगिनी आली, पायाशी बसून राहिली. मी रोज जायची. डावा हात त्यांचा हलायचा. चादरीच्या काठावर ती बोटं काहीतरी ओवत असायची. पाचव्या दिवशी सकाळी गेल्या.

मॅडमना मी त्याच दिवशी सांगितलं, की रिपोर्ट पाच दिवस जुना होता, मी कालचा म्हणाले. मॅडमनी नवसाबाईंची फाईल काढून रिपोर्टची तारीख पाहिली. मग म्हणाल्या, ‘नवा रिपोर्ट असता तर त्याच दिवशी कळलं असतं, मीना. दाढ बाजूला ठेवून मी त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं.’ एवढंच. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘तारीख मीही पाहायला हवी होती.’ त्या रागावल्या नाहीत. त्यांना ते येतच नाही.

तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी, भर दुपारी, गोटीराम दवाखान्यात आले. दाढी वाढलेली, टोपी हातात. मॅडम जेवायला गेल्या होत्या. मी त्यांना बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. नवसाबाईंचा दोऱ्याच्या रिळांचा डबा. झाकण उघडून तो माझ्यापुढे केला. रिळांच्या खाली, तळाशी, पांढऱ्या गोळ्या होत्या. काही ओल्या होऊन सुकलेल्या, कडा झिजलेल्या.

‘पंधरा हायेत,’ ते म्हणाले. ‘लेकीनं मोजल्या. मी हातावर ठेवायचो, ती तोंडात टाकायची, पाणी प्यायची. मी बघत उभा ऱ्हायचो. मंग ती दिव्यापुढून उठून दोरा घ्यायला जायची.’

पंधरा म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळपासून. सकाळी रक्त देऊन आल्या आणि त्याच संध्याकाळी बंद केली.

‘ताई, खरं सांगा. तुमी सांगितलं व्हतं का बंद करायला?’

त्यांच्या नजरेत मला दिसलं की ते ‘हो’ ऐकायला आले आहेत. आम्ही सांगितलं असतं, तर नवसाबाईंनी डॉक्टरांचं ऐकलं असं झालं असतं. नाही म्हटलं, तर पंधरा संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत बायकोने त्यांना फसवलं, एवढंच उरत होतं.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘उलट एक दिवसही चुकवू नका असं सांगितलं होतं.’ मग मी सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी फरशीवर रक्त पडलं तेव्हा मी चारचौघांत काय बोलले ते. नवा रिपोर्ट मागून सोडून दिला ते. मॅडमशी खोटं बोलले ते. गॉज पांढरा बघून पाठ थोपटली, आणि माझ्या त्या शाबासकीने त्यांना वाटलं असणार की आपण केलं तेच बरोबर, म्हणून त्यांनी पुढेही गोळी घेतली नसणार, हेसुद्धा. बोलताना माझा आवाज नेहमीसारखा नव्हता, दोनदा त्यांना ‘आं?’ करावं लागलं.

त्यांनी ऐकून घेतलं. डब्यातली रिळं नीट लावत बसले.

‘मागल्या बारीला देवीला हार गेला नाय ना,’ ते म्हणाले, ‘ते तिच्या लय जिवाला लागलं व्हतं. नवरात्रात तसं झालं आसतं, तं तिनं अन्न टाकलं आसतं.’ थोडं थांबून म्हणाले, ‘तिच्या छातीतून घड्याळावानी टिकटिक यायची. झडपेची. चौदा वर्सं शेजारी ऐकली. सातव्या माळेपासून ऐकूच येईना. मी कोणाला बोल्लो नाय. मला वाटलं, माझे कान गेले.’

मी रडत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

‘तुमाला बी फसवलं तिनं,’ ते म्हणाले. ‘नका रडू. लय हट्टी व्हती.’

मला त्यांनी चार शिव्या द्यायला हव्या होत्या. हात उगारला असता तरी मी पुढे झाले असते. ते उठले, टोपी घातली, डबा पिशवीत ठेवला आणि दारापर्यंत गेले. मग मागे वळले.

‘एक इचारायचं राहिलं. त्या दिवशी दाढ काढली, तवा रक्त आलं व्हतं का तिला?’

‘नाही,’ मी म्हणाले.

‘थेंब बी नाय?’

‘नाही. अजिबात नाही.’

‘मंग बरं झालं,’ ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. ‘तेवढं तरी तिच्या मनासारखं झालं.’

त्या दिवशी रक्त आलं असतं, म्हणजे गोळी चालू असती, तर मी पुन्हा ओरडले असते, मॅडमनी बोट दाबून धरलं असतं, आणि नवसाबाई आज पंचवटीत बसलेल्या असत्या. हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी दार धरून उभी राहिले, आणि ते पायऱ्या उतरून रस्त्याला लागले.